उद्देशिका वाचून झाली. आता जिल्हा परिषद कुठे आहे ते सांगा

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
आणि संविधान दिनाचं परिपत्रक ज्यांच्या ज्यांच्या सहीने खाली येतं ते सर्व अधिकारी

२६ नोव्हेंबर २०२५

महोदय,

आज संविधान दिन. आपल्या परिपत्रकाप्रमाणे शाळांत, ग्रामपंचायतींत आणि कचेऱ्यांत उद्देशिकेचं सामूहिक वाचन झालं. प्रभातफेरी निघाली, निबंध झाले, कुठे रांगोळ्याही झाल्या. आता फोटो लिंकवर चढवायचे, आणि किती विद्यार्थी, किती शिक्षक, किती ग्रामस्थ हजर होते याचा तक्ता केंद्रप्रमुखांकडे द्यायचा. मी खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हे तक्ते मला पाठ आहेत. गावची शाळा अजून बोलावते, मी जाते, आजही गेले होते. उद्देशिका मी मनापासून वाचते आणि पोरांकडून वाचून घेते. वाचनाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार अशी की ज्या जिल्हा परिषदेच्या शिक्क्याने हे परिपत्रक आमच्या शाळेत येतं, ती जिल्हा परिषद संविधानात सांगितली आहे तशी आज अस्तित्वातच नाही. साताऱ्यात नाही, शेजारच्या सांगलीतही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये आम्ही मतदान केलं. निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक कारभार पाहतात. साडेतीन वर्षं उलटली. पंचायत समित्यांचंही तेच. त्या वेळी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या गटांचे ६४ आणि पंचायत समित्यांच्या गणांचे १२८ सदस्य निवडून गेले होते; त्यांच्या जागी कोणाला पाठवायचं हे ठरवायचा आमचा हक्क तेव्हापासून फायलीत पडून आहे. जिल्ह्याला चार मंत्री आहेत, ग्रामविकास खातं तर आमच्याच जिल्ह्याकडे आहे. जिल्हा परिषदेला मात्र एक सदस्य नाही.

नियम काय आहे ते आपल्याला माहीत आहे, पण हे पत्र लोकांनीही वाचायचं आहे म्हणून लिहिते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने आणलेलं कलम २४३-ई सातवीच्या मुलालाही समजेल इतकं सरळ आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही. नवी निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. ‘शासनाला सवड मिळेल तेव्हा’ अशी पळवाट त्यात ठेवलेली नाही. शहरांसाठी असंच कलम २४३-यू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली किशनसिंह तोमर खटल्यात स्पष्ट केलं की नैसर्गिक आपत्तीसारखी खरोखर असाधारण परिस्थिती सोडली तर या निवडणुका पुढे ढकलता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी वर्गात मी नेहमी सांगायचे. संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं हे सगळ्यांना पाठ असतं. पण काही मोजकी कलमं आदल्या २६ नोव्हेंबरलाच, स्वीकृतीच्या दिवशीच, अमलात आली होती. त्यांत नागरिकत्वाची कलमं होती आणि निवडणूक आयोगाचं कलम ३२४ होतं. बाकीचं घर उभं राहायच्या आधी मतदानाची यंत्रणा हवी, इतकी निकड त्या लोकांना वाटत होती. म्हणजे आज आपण जो दिवस साजरा करतो तो निवडणूक आयोगाच्या कलमाचाही वाढदिवस आहे. त्याच दिवशी आमचे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतदारसंघ रिकामे असावेत, हे कोणाच्या डोळ्यांना खुपत कसं नाही?

उशिराचं कारण म्हणून ओबीसी आरक्षणाचा खटला सांगितला जातो. तो खटला खोटा नाही आणि ओबीसींना प्रतिनिधित्व मिळालंच पाहिजे या मताची मी आहे. पण घटनाक्रम बघा. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की समर्पित आयोग नेमा, माहिती गोळा करा, मग आरक्षण द्या. ती माहिती गोळा करायचं काम शासनाचं होतं. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयापुढे आला, म्हणजे तोवर मुदत संपून गेली होती. दरम्यान मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतले. मग सरकार बदललं, नव्या सरकारने गट आणि प्रभागांची संख्या पुन्हा बदलली, त्यावर पुन्हा खटले आणि पुन्हा ‘जैसे थे’. त्या वेळचं सरकार वेगळं होतं, आताचं वेगळं आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका कामात एकमेकांना पुरून उरले. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. तेही झालं नाही. सप्टेंबरमध्ये आयोगाने मतदान यंत्रं कमी आहेत, कर्मचारी नाहीत, परीक्षा आहेत अशी कारणं दिली आणि ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख मिळाली.

परीक्षांचं कारण वाचून मला हसूच आलं. नोकरीभर मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय. माण-खटावच्या शाळाखोल्यांत यंत्रं उशाशी घेऊन रात्री काढल्यात, पहाटे यंत्र तपासायला अभिरूप मतदान घेतलंय, संध्याकाळी मोहरा लावून एसटीने पेट्या पोहोचवल्यात. मुलांच्या परीक्षा तेव्हाही असायच्याच. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी हेच शिक्षक, ह्याच शाळा मिळाल्या आणि यंत्रंही मिळाली. २०२४ मध्ये दोन्ही निवडणुका एकाच वर्षात पार पडल्या. जिल्हा परिषदेची वेळ आली की मनुष्यबळ संपतं, हे पटायचं कसं?

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. वय सव्वीस, लग्न झालं, एक मूल आहे. त्याने आजवर जिल्हा परिषदेला एकदाही मत दिलेलं नाही, कारण २०१७ च्या फेब्रुवारीत तो अठराचा झाला नव्हता. त्याची पोरगी लवकरच बालवाडीत जाईल. त्याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली त्रिस्तरीय पंचायतराज व्यवस्था ठाऊक आहे, पण सभापती म्हणजे नक्की काय काम करतो हे त्याने पाहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, कामं तर थांबलेली नाहीत. रस्ते होतात, लसी टोचल्या जातात, पगार होतात. हो, होतात. प्रशासक म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांपैकी काहींनी चांगलं काम केलं हेही मी सांगेन. आणि आधीचे झेडपी सदस्य काही साधुसंत नव्हते. टक्केवारीच्या गोष्टी आम्हीही ऐकल्यात, बायको सदस्य आणि कारभार नवऱ्याच्या हाती, हेही पाहिलंय. तरीसुद्धा फरक मोठा आहे. पूर्वी टिप्पणी एकाने लिहायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. मुख्य कार्यकारी अधिकारी प्रस्ताव ठेवायचे, स्थायी समिती, बांधकाम समिती, शिक्षण समिती तो उलटसुलट बघायची, सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य आवाज चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सभेत गदारोळ’ असा मथळा यायचा. त्या गदारोळात बऱ्याचदा राजकारण असायचं, पण आकडे बाहेर यायचे. आता प्रस्ताव ठेवणारी आणि ठराव मंजूर करणारी सही एकच आहे. समित्यांचे सगळे अधिकार एका टेबलावर. त्या टेबलावर काय मंजूर झालं हे आम्हाला कळायचं असेल तर कोणाला विचारायचं?

४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडला. संविधानात प्रशासनाचा इतका तपशील कशाला घातला, या आक्षेपाला त्यांनी त्या भाषणात उत्तर दिलं आहे. त्याचा आशय असा की संविधानाच्या एका अक्षरालाही हात न लावता, फक्त कारभाराची पद्धत बदलून त्याचा आत्मा मारता येतो. त्याच भाषणात त्यांनी खेड्यांबद्दल फार कडू शब्द वापरले होते. पंचायतीच्या हाती सत्ता गेली तर ती कोणाच्या घरात जाते हे त्यांना चांगलं माहीत होतं. सातारच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव घातलं गेलं तिथे त्या दिवशी आता दरवर्षी कार्यक्रम होतो, ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून राज्यभर परिपत्रकही निघतं. त्या मुलाला पुढच्याच वर्षी मसूर स्टेशनवर उतरल्यावर जातीपायी बैलगाडी मिळेना. खेड्याबद्दलचा त्यांचा अविश्वास काही पुस्तकातून आलेला नव्हता. म्हणून तर ७३ व्या दुरुस्तीतल्या राखीव जागांना किंमत आहे. ज्या गावाने वेशीबाहेर ठेवलं त्या गावाच्या वरच्या सभागृहात अनुसूचित जातीच्या माणसाची खुर्ची कायद्याने पक्की झाली. सभागृहच रिकामं ठेवलं की ती खुर्चीही जाते, आणि कोणाला काढलं असा ओरडाही होत नाही.

बायकांचं तर विचारूच नका. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना दिल्या, त्याचा मला अभिमान वाटतो. आज सातारा जिल्ह्याचे आठही आमदार पुरुष आहेत, सांगलीचे आठही पुरुष आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर बाईला हमखास जागा होती ती जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत. त्या निम्म्या जागा साडेतीन वर्षं बंद आहेत. या काळात सरकारने बहिणींच्या नावाने योजना काढल्या, पैसे दिले, मेळावे घेतले. पैसे हवेतच, मी नाही म्हणत नाही. पण ज्या खुर्चीत बसून बहीण स्वतः सही करू शकली असती ती खुर्ची कुलूपबंद आहे, हे एकाही मेळाव्यात कोणी बोललं नाही.

पैशाच्या वाटणीचा मुद्दा वृत्तपत्रांतही फारसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. कलम २४३-झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य हे जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. जिल्हा परिषद नाही, नगरपालिका नाही, तर ते चार पंचमांश आणायचे कुठून? मग उरतात पालकमंत्री, आमदार-खासदार, नामनिर्देशित मंडळी आणि अधिकारी. जिल्ह्याचा विकास आराखडा ते ठरवतात. ज्यांनी खालून मागणी करायची त्यांची बाकं रिकामी आणि वाटप करणारे सगळे हजर. गावातल्या गटारासाठीही आता आमदारांचं पत्र लागतं. यात आमदारांचं वजन वाढतं, म्हणून कोणत्याच पक्षाच्या आमदाराला घाई नाही, असा संशय मला येतो. खोटा असेल तर विधानसभेत या विषयावर सभागृह अडवून धरलेला एक आमदार दाखवा.

शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाला स्थानिक संस्था निवडून आलेली असावी ही अट आहे. त्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ ला संपतो. प्रशासक असल्यामुळे सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या आणि पंचायत समित्यांच्या वाट्याचं किती अनुदान अडलं, किती कायमचं बुडालं, हे शासनाने जाहीर करावं.

माझ्या स्वतःच्या गावचं एक सांगते, गावाचं नाव न घेता, कारण असं गाव एकच नाही. शाळेची एक जुनी खोली गळायला लागली. निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडायच्या परवानगीचा, प्रस्ताव गेला, मंजूर झाला, खोली पाडली. ते रीतसर झालं. नवी खोली मात्र आली नाही. तिसरी आणि चौथीचे वर्ग व्हरांड्यात एकत्र बसतात, पावसाळ्यात बाई पोरांना घेऊन ऑफिसच्या खोलीत शिरतात. शाळा व्यवस्थापन समितीचे पालक कार्यालयात जातात. तिथले अधिकारी चांगलं बोलतात, बसा म्हणतात, प्रस्ताव वर गेलाय म्हणतात. मग त्यांची बदली होते, नवे येतात, तेही चांगलं बोलतात. पूर्वी अशा वेळी सकाळी चहाच्या सुमारास गटाच्या सदस्याच्या ओट्यावर जाऊन बसता यायचं. काम होईलच असं नव्हे, पण तो माणूस त्याच पट्ट्यातला, उद्या मत मागायला पुन्हा दारात येणारा. सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशातून, काहीतरी खटपट करायचा, नाही केली तर निवडणुकीत त्याला ऐकवता यायचं. अधिकाऱ्याला आम्ही काय ऐकवणार? त्यांची जबाबदारी वर आहे, खाली नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना त्या जागी इतकी वर्षं बसवलं हा दोष आहे.

हे सगळं औंधच्या परिसरात घडतंय, याचं जास्त वाईट वाटतं. औंध हे जुन्या संस्थानाचं गाव आमच्याच तालुक्यातलं. जानेवारी १९३९ मध्ये, देशात इंग्रजांचं राज्य असताना, राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःचे अधिकार कमी करणारी घटना आपल्या प्रजेला दिली. गावाने पंच निवडायचे, त्यांच्यातून तालुक्याची सभा, तालुक्यांतून वरची सभा. राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन त्या कामात होते, गांधीजींचा सल्ला होता. आटपाडीही त्याच संस्थानात, आता ती सांगली जिल्ह्यात आहे. पुढे चार वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कऱ्हाड. एका राजाने सत्ता आपण होऊन खाली दिली त्याच भागात, लोकांनी निवडून दिलेली सरकारं ती खाली उतरू देत नाहीत.

आता ग्रामसभेकडे येते. निदान ग्रामपंचायती तरी निवडून आलेल्या आहेत असं कोणी म्हणेल. कायद्याने ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती हजर लागते. ती जमली नाही की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! त्यामुळे पहिली सभा तहकूब करणं हीच रीत होऊन बसली आहे. दुसऱ्या तारखेला दहा-पंधरा माणसं, प्रोसिडिंगमध्ये विषय एक ते वीस सर्वानुमते मंजूर, आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. संविधान दिनाला किती ग्रामस्थ हजर होते याचा तक्ता आपण मागवता. ग्रामसभेला खरोखर किती होते याचा फोटो कधी मागवलात का?

आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची मुदतही आता भरत आली आहे. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत ती संपेल. त्यांच्या निवडणुकीची तयारी कुठे दिसत नाही. म्हणजे वरचं घर आधीच रिकामं, आता खालचंही होणार की काय, अशी भीती आहे.

माहितीच्या अधिकाराबद्दल थोडक्यात. हा कायदा देशाच्या आधी महाराष्ट्राने केला होता. याच महिन्यात केंद्राने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याची नियमावली आणली आणि त्यासोबत माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधला, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलमातला, बदलही लागू झाला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की अर्ज परत करणं सोपं झालं. लाभार्थ्यांची यादी, हजेरीपट, ठेकेदाराचं बिल या सगळ्यांत कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. सभागृह नाही, म्हणून सदस्य प्रश्न विचारत नाही. आणि नागरिकाने अर्ज केला तर हे उत्तर.

मग रस्त्यावर उतरावं म्हटलं, तर जिल्ह्याजिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश पंधरा-पंधरा दिवसांनी निघतच असतात. सणवार, यात्रा, परीक्षा, काहीतरी कारण असतंच. पाच माणसं घोषणा देत उभी राहिली की आदेशाचा भंग. परिस्थिती गंभीर असेल तेव्हा असे आदेश लागतात, मान्य. बारा महिने लागत नाहीत. त्यात यंदा जुलैमध्ये दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. ते नक्षलवाद्यांसाठी आहे असं आपण सांगता. त्यातल्या व्याख्या इतक्या सैल आहेत की उद्या शाळेच्या खोलीसाठी बसलेल्या पालकांना ती भीती कोणी घालणार नाही, याची खात्री मला तरी वाटत नाही.

मतदान यंत्राबद्दल विचाराल तर मी स्वतः ती हाताळली आहेत, आणि यंत्रात गडबड झाली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण लोकसभा-विधानसभेला मतदाराला कागदी चिठ्ठी दिसते आणि नगरपालिका-जिल्हा परिषदेला दिसत नाही, हा भेद मी मतदाराला समजावून सांगू शकत नाही. ज्या निवडणुकीत वीस-पंचवीस मतांनी निकाल फिरतो तिथे तर चिठ्ठी आधी हवी. यादीत तर दुबार नावं इतकी, की त्यांवर तारे छापायची वेळ आली. एवढी वर्षं निवडणूक नव्हती, तेव्हा याद्या साफ करायला वेळ होता.

२ डिसेंबरला नगरपालिकांचं मतदान आहे. सातारा, कऱ्हाड, वाई, फलटण सगळीकडे भोंगे फिरतायत. तिथे जवळजवळ चार वर्षांनी लोकांना नगरसेवक मिळतील, चांगलं आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०२३ पासून वाट बघते आहे. खेड्यांची तारीख अजून आलेली नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदा आणि त्यांच्या सगळ्या पंचायत समित्यांच्या निवडणुकीचा कार्यक्रम तातडीने जाहीर करा, आणि ३१ जानेवारीनंतरची मुदतवाढ न्यायालयाकडे मागू नका. नवीन सदस्य आल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेपुढे प्रशासकाच्या काळातला प्रत्येक ठराव, रक्कम आणि कामाच्या नावासह ठेवा. त्याआधी तो जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. अडलेल्या वित्त आयोग निधीचा हिशेब त्याच्यासोबत द्या. जिल्हा नियोजन समितीतल्या निवडून द्यायच्या जागा सभागृह बसल्यावर लगेच भरा.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत, मुदत संपण्याआधी मतदान घ्या. ते आता जमणारच नसेल तर प्रशासक नेमण्याच्या आदेशातच मतदानाची तारीख छापा. तहकूब ग्रामसभेला खर्चाचे विषय मंजूर करता येऊ नयेत अशी कायद्यात दुरुस्ती करा. ग्रामविकास खात्याला हे एका अधिवेशनात करता येईल. स्थानिक निवडणुकांत कागदी चिठ्ठी आणा. या वेळी शक्य नसेल तर कधीपासून ते लिहून द्या. कलम ३७ चे आदेश कारण, ठिकाण आणि कालावधी स्पष्ट लिहून काढा आणि सरसकट जिल्हाभर काढू नका.

आणि पुढच्या वर्षीच्या संविधान दिनासाठी एक सूचना. महाराष्ट्रात हा दिवस केंद्राच्या २०१५ च्या निर्णयाआधीपासून पाळतात, तेव्हा नवा पायंडाही महाराष्ट्रानेच पाडावा. २६ नोव्हेंबरला प्रत्येक गावात ग्रामसभा सक्तीची करा, गणपूर्तीसकट. उद्देशिका तिथे वाचा, आणि ती वाचून झाली की त्याच माणसांपुढे वर्षाचा जमाखर्च वाचा, प्रश्न घ्या, उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहा. शाळेतल्या पोरांना मागच्या रांगेत बसवा. रांगोळी नसली तरी चालेल.

मी कोणत्या पक्षाची नाही. हे पत्र ज्यांना पटेल त्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत याच मागण्यांचा ठराव मांडावा आणि त्याची नक्कल आयोगाकडे पाठवावी. रजिस्टर पोस्ट आता बंद झालं आहे, म्हणून मूळ प्रत स्पीड पोस्टाने आपल्या दोन्ही कार्यालयांकडे रवाना करते आहे. उत्तर आलं तर ते इथेच, जसंच्या तसं लोकांपुढे ठेवीन. जिल्हा परिषदेच्या मतदानाची तारीख हेच उत्तर म्हणून आलं तरी मला चालेल.

कळावे,

एक निवृत्त मुख्याध्यापिका
ता. खटाव, जि. सातारा